घर नंबर एक्केचाळीस

निकालाला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा नीट केला, समोरचा इंग्रजी कागद एका दमात वाचला, खाली सही केली आणि गोविंदराव ठाकूरदेसायांकडे बघून म्हणाले, “बाईंना त्यांच्या भाषेत समजावून सांगा.” हे गोविंदरावांचं रोजचंच काम. तेवीस वर्षं ते या कोर्टात भाषांतरकार होते. वहिवाट मिळाली, दत्तक नामंजूर झाला, बांध सरकला, असं जे काही वर इंग्रजीत ठरेल ते खाली उभ्या असलेल्या माणसाला मराठीत सांगायचं, आणि तो माणूस रडला किंवा पाया पडायला लागला तर मान वळवून शाईच्या दौतीकडे बघायचं. ते उठले. समोर गुणवंती उभी होती. बंदराकडे उतरणाऱ्या आळीतली मासळी विकणारी खारवीण, पन्नाशीची, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. तिचं घर दोन महिन्यांपूर्वी, म्हणजे बत्तीस सालच्या जानेवारीत, सरकारनं कुलूप आणि लाखेची मोहोर लावून ताब्यात घेतलं होतं. त्या घरात बंदी घातलेल्या चळवळीची माणसं जमतात, तिथे पत्रकं छापली जातात, अशी सरकारची खात्री झाली होती. गुणवंतीचं म्हणणं एका ओळीचं होतं: माझ्या घरात असं कोणी आलेलं नाही, मला विचारा, शेजाऱ्यांना विचारा. पण नव्या वटहुकुमात एक कलम होतं. एखादी जागा अशा कामाला वापरली जाते असं सरकारनं एकदा जाहीर केलं की तो जाहीरनामाच पुरावा, आणि त्या जाहीरनाम्याबद्दल कुठल्याही कोर्टानं काही विचारायचं नाही. साहेबांनी तेवढंच वाचून दाखवलं होतं.

“गुणवंतीबाई,” गोविंदराव म्हणाले, “तुमची तक्रार ऐकून घ्यायचा अधिकार कोर्टाला नाही, असं कोर्ट म्हणतं.”

“म्हंजे मी हरलंय?”

“हरला नाहीत.”

“मग जितलंय काय?”

“तसंही नाही. कोर्टानं दावा ऐकलाच नाही.”

ती साहेबांच्या खुर्चीकडे बघत राहिली. तिथे भिंतीवर राजाची तसबीर होती, खाली घड्याळ होतं, आणि खिडकीतून येणारं फेब्रुवारी अखेरचं ऊन टेबलावरच्या जाड पुस्तकांवर पडलं होतं. “मग हे इथं बसलेत कशाला?” तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. रस्ता चुकलेलं माणूस विचारतं तसं विचारलं.

“काय म्हणतात त्या?” साहेबांनी इंग्रजीत विचारलं. आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा गोविंदरावांनी खोटं भाषांतर केलं. म्हणाले, “पुढे काय करावं असं त्या विचारतात.” साहेब म्हणाले, “सरकारकडे अर्ज करायला सांगा,” आणि पुढचा दावा पुकारला गेला.

आपण असं का केलं हे गोविंदरावांना कळायच्या आतच दुसरी गोष्ट घडली. दाव्याचे कागद बांधायला म्हणून ते खिडकीपाशी गेले. कागदांच्या तळाशी पोलीस जमादाराचा मूळ मराठी अहवाल होता. सरकारी वकिलांनी तो निव्वळ शिस्त म्हणून जोडला होता, कोणी वाचावा म्हणून नव्हे. गोविंदरावांनी तो पूर्वी एकदा पाहिला होता. जानेवारीत कलेक्टर कचेरीचा स्वतःचा भाषांतरकार हिवतापानं पडला, म्हणून तातडीचे कागद कोर्टाकडे येत, आणि हा अहवाल इंग्रजीत त्यांनीच उतरवला होता. खबर देणाऱ्यानं घरमालकाचं नाव सांगितलं नव्हतं, नुसता मुन्शिपालटीचा घरनंबर सांगितला होता. गोविंदरावांनी इंग्रजीत लिहिलं होतं, एक्केचाळीस. आता खिडकीतल्या उजेडात तो कागद तिरपा धरला गेला आणि त्यांना आकड्याच्या पोटाला जोडलेली एक बारीक रेघ दिसली. घडीच्या मोडीत अर्धी गेलेली, शाई पुसट झालेली, पण होती. तो एक नव्हता. नऊ होता. एकोणपन्नास.

त्यांनी कागद पुन्हा सरळ धरला. पुन्हा तिरपा धरला. रेघ गेली नाही. कानात एक सूर लागला, लांब समुद्रावर आगबोट भोंगा देते आणि वारा तो तोडत तोडत आणतो तसा, आणि त्या सुराच्या पलीकडे पट्टेवाला कोणाचं तरी नाव पुकारत होता. कागद बांधून झाले, गाठ बसली, गाठ बरोबर बसली आहे की नाही हेही त्यांनी बघितलं. गुणवंती तोवर निघून गेली होती. तिच्या उभ्या राहण्याच्या जागी फरशीवर चार-पाच बारीक खवले पडले होते, आणि झाडूवाला ते गोळा करत होता.

त्या दिवशी ते घरी चालत गेले ते कसे गेले ते त्यांना आठवेना. वाटेत कोणी नमस्कार केला असेल तर त्यांनी परत केला असेल. मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती पश्चात्तापाची नव्हती, याचंच त्यांना नवल वाटत होतं. चूक त्यांनी आयुष्यात पुष्कळदा केली होती. एकदा ‘पूर्वेकडील बांध’ याचं ‘पश्चिमेकडील’ केलं होतं, एकदा एका मयत माणसाला जिवंत करून ठेवलं होतं. पण दर वेळी कोणीतरी उठून म्हणायचं, साहेब, हे असं नाही. मग साहेब मूळ कागद मागवायचे, दोन्ही बाजूंचं ऐकायचे, लाल शाईनं दुरुस्ती व्हायची आणि समासात सही. कोर्ट म्हणजे गोविंदरावांच्या लेखी तो समास होता. माणसाच्या हातून चुकणारच हे धरून चालणाऱ्या कोणा शहाण्यानं कागदाच्या कडेला ठेवून दिलेली रिकामी जागा. त्या जागेच्या भरवशावर ते तेवीस वर्षं शांत झोपले होते. नोकरीला लागले तेव्हाचे एक वृद्ध न्यायाधीश होते. श्रावणातला दिवस, जैतापूरकडून एक म्हातारी साक्षीला यायची होती आणि वाऱ्यामुळे मचवा मागे राहिला होता. वकील म्हणाले, पुढची तारीख द्या. साहेब म्हणाले, “बाई निघालेली आहे ना, मग कोर्ट बसेल.” आणि कोर्ट खरोखर बसलं. दोन तास कोणी बोललं नाही. कौलांवर पाऊस वाजत होता, साहेब कसलं तरी पुस्तक वाचत होते, आणि शेवटी ती म्हातारी निथळत आली आणि तिनं फक्त एवढंच सांगितलं की फणसाचं झाड कुंपणाच्या आत होतं. वीस वर्षांचे गोविंदराव तेव्हा मागच्या बाकावर बसून त्या झाडासाठी रडले होते. घरी येऊन वडिलांना सांगितलं होतं, सरकार हे असं असतं. वडील बाजारात लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्या दिवशी त्यांनी पोराच्या पानात स्वतःच्या हातानं तूप वाढलं होतं.

“जेवताना असे थांबलात का?” गोदा म्हणाली. गोदा म्हणजे त्यांची बायको. ती समोर बसून पंख्यानं वारा घालत होती.

“तुला जर माहीत असतं, की आपण केलेलं दुरुस्त करता येत नाही,” ते म्हणाले, “तर तू स्वयंपाक केला असतास का?”

“खारट झालंय का काही?”

“नाही.”

ती म्हणाली, “उद्या सुट्टी घ्या. अंगात ताप दिसतोय.” त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं. थंड कपाळ आणि आत ही धगधग, हे दोन्ही एकाच माणसाचं आहे असं त्यांना वाटेना. रात्रभर त्यांना काही दिसलं नाही, स्वप्नही पडलं नाही. फक्त पहाटे जाग आली तेव्हा उजव्या हाताची तर्जनी उशीवर आकडे काढत होती.

सकाळी कोर्ट सुरू व्हायच्या आधी ते साहेबांच्या खोलीत गेले. साहेब कर्नाटकाकडचे, वयस्कर, मितभाषी. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. गोविंदरावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आकडा, रेघ, घडीची मोड. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की साहेब हात वर करून त्यांना थांबवत आहेत, आणि बहुधा पहिल्या वाक्यापासूनच थांबवत आहेत.

“ठाकूरदेसाई,” साहेब म्हणाले, “तुम्ही मला काही सांगितलेलं नाही.”

“साहेब, मूळ अहवाल आपल्या फाइलीतच आहे. नुसता बघितला तरी...”

“तो बघितला तर मी त्या जाहीरनाम्याचा विचार केला असं होईल. तो विचार करायची मला बंदी आहे.” ते खिडकीकडे वळले. त्यांचा मानेवरचा कोट झिजून चकचकीत झाला होता. गोविंदरावांना एकदम कळलं की हा माणूसही कालपासून जेवलेला नाही. “मी एकतीस वर्षं या खुर्चीत आहे,” ते म्हणाले, “आणि मला आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं की समोरच्याचं ऐकू नका. चुकीचं ऐकलंत, उलटं ऐकलंत, असं वरच्या कोर्टानं पुष्कळदा म्हटलं. ऐकू नका असं कधी नाही.” मग वळून, जणू ते वाक्य दुसऱ्याच कोणी बोललं होतं अशा आवाजात म्हणाले, “साडेदहा वाजले. चला.”

गोविंदराव कोर्टात गेले नाहीत. नोकरीत पहिल्यांदा त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाहेरच्या ओसरीतल्या बाकावर बसून अर्ज लिहायला घेतला. वडिलांसारखं वळणदार अक्षर त्यांना कधी आलं नाही, पण आज त्यांनी एकेक अक्षर सुटं, मोठं काढलं. माझ्या हातून अनवधानाने आकडा चुकला असून, सदर जाहीरनाम्यात घर नंबर एक्केचाळीस याऐवजी एकोणपन्नास असे वाचावे. आकडे त्यांनी अक्षरांत लिहिले. सही केली, तारीख घातली. अर्ज लिहून झाला तसं कानातला तो सूर थांबला. समासात लिहायला जागा नसेल, पण समास आपण स्वतः आणून कागदाला चिकटवू, असं काहीसं त्यांना वाटलं, आणि बरं वाटलं, भूक लागली. अकराच्या सुमाराला त्यांनी अर्ज कचेरीत हेडकारकुनाच्या टेबलावर ठेवला, पोच मागितली. “चार वाजता या,” हेडकारकून वर न बघता म्हणाला.

मग ते राजिवड्याला उतरून तरीनं खाडी ओलांडून भाट्याला गेले. घराला सील लागल्यापासून गुणवंती तिथे भावाकडे राहत होती. भाऊ बाबल्या होडीवर गेलेला होता. वाळूवर लांब चटया पसरल्या होत्या, त्यांवर सुकट घातली होती, आणि गुणवंती ओणवी होऊन ती हातानं उलथत होती. त्यांना बघून ती सरळ झाली, पदर सावरला. कोर्टातला माणूस असा पायांतल्या वहाणा हातात घेऊन वाळूतून आलेला बघून ती घाबरली असावी.

“आणि काय झाला?” ती म्हणाली. “भावाच्या घरालाबी कुलूप घालतायत काय?”

“नाही. बसा तुम्ही. मला काही सांगायचं आहे.”

त्यांनी सांगितलं. इथे त्यांना कोणी थांबवलं नाही. वारा होता, समुद्राची गाज होती, आणि हे सगळं मराठीत सांगताना ते किती लहान आहे, किती थोडक्यात संपतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. एक रेघ दिसली नाही. मी चष्मा पुसला नव्हता. संध्याकाळ झाली होती आणि शिपाई दारात ताटकळत उभा होता. बस. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू निघून गेलं, ओहोटीला वाळूवरचं पाणी निघून जातं तसं, आणि मागे नुसता चेहरा राहिला.

“तुमी केलात,” ती म्हणाली.

“मी.”

“मना वाटत होता, कोणीतरी वैरी असेल, मुद्दाम माजा नंबर सांगितलान. दोन महिने मी वैरी हुडकत होतंय. मच्छीच्या वाट्यावरनं भांडलेली एक बाय होती, तिचं नाव घेऊन रोज दात खात होतंय.” तिनं तोंडावर पालथा हात धरला. “आणि ती बिचारी परवा मना तांदूळ देऊन गेली.”

“मी आज कचेरीत अर्ज दिला आहे,” गोविंदराव घाईघाईनं म्हणाले. हेच तर ते सांगायला आले होते. “चूक कबूल केली आहे. एक्केचाळीस नव्हे, एकोणपन्नास, असं स्वच्छ लिहून दिलं आहे. माझी नोकरी गेली तरी चालेल.”

गुणवंतीनं हात खाली घेतला. “काय लिवलात?”

“एक्केचाळीस नव्हे, एकोणपन्नास.”

“तो एकोणपन्नास म्हंजे कोणाचा घर, ठाव हाय तुमाला?”

काल दुपारपासून आत्तापर्यंत, रात्रभर, पहाटे, साहेबांच्या खोलीत, अर्ज लिहिताना, हा प्रश्न गोविंदरावांच्या मनाला शिवलाही नव्हता. एकोणपन्नास हा एक आकडा होता. बरोबर आकडा होता. त्याला दार असेल, दाराच्या आत कोणी असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

“आनंदीबाई मास्तरणीचा,” गुणवंती म्हणाली. “तिच्या माळ्यावर चळवळीतले चार पोरगे लपलेले हायत. त्यांतला एक आजारी. आक्ख्या आळीला ठाव हाय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मंग नाय तर काय. माज्या घराला कुलूप पडला तेच दिवशी मना कळला की त्यांना हवा तो तिचा घर.”

“मग कोर्टात तुम्ही...” त्यांना तिचा दावा शब्द न् शब्द पाठ होता. माझ्या घरात असं कोणी आलेलं नाही. दावा दाखल होताना वकिलांनी तिला तीनतीनदा विचारलं होतं, मग कोणाच्या घरात, बाई, काही संशय? आणि ती म्हणाली होती, मला माझ्या घराचं ठाऊक. गोविंदरावांनीच त्याचं भाषांतर केलं होतं. अडाणी बाई आहे, असं मनात म्हणत केलं होतं.

“माझ्यात कोण नव्हता, एवढाच खरा सांगायचा होता मना. दुसऱ्याचा दार दाखवायला नव्हतंय गेलेली.” ती खाली बसली. “माज्या घोवाची, शिवाची होडी परत आली नाय तेव्हा मी तीन दिवस धक्क्यावर बसलेली. मास्तरीण येऊन बाजूला बसली. वल्या फरशीवर, लुगडा भिजवून. एक शब्द बोलली नाय. तिसऱ्या दिवशी उठवून घरी नेलान मना.” मग एकदम मान वर करून म्हणाली, “तुमी चुकलात ते चुकलात. आता दुरुस्त करू नका.”

आपण उठलो कधी ते त्यांना कळलं नाही, आणि वहाणा तिथेच राहिल्या हे तरीत बसल्यावर पायांना पाणी लागलं तेव्हा त्यांना कळलं. तर हळू चालली होती. तरवाला कोणाशी तरी आंब्याच्या मोहोराबद्दल बोलत होता, यंदा तुडतुडा पडलाय म्हणत होता. गोविंदरावांना त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाबा, जरा लौकर. त्यांच्या डोळ्यांपुढे तो अर्ज होता. त्यातलं सुटं, मोठं, कोणालाही वाचता येईल असं अक्षर. आनंदीबाईंना त्यांनी एकदा पाहिलं होतं. मुलींच्या शाळेच्या बक्षीससमारंभात, पांढरं लुगडं, हातात पेरूंची परडी. त्या परडीला आता मोहोर लागली होती, लाखेची, लाल, आणि ती त्यांनी लावली होती, या खेपेला काही चूक न करता, पूर्ण शुद्धीत. ते अनवाणी कचेरीचा चढ चढले. खडीनं तळवे सोलले, त्याची जाणीवही झाली नाही. आत आत्तापर्यंत काय काय झालं असेल ते सगळं त्यांना दिसत होतं: अर्ज आत गेला असेल, कलेक्टरसाहेबानं घंटी वाजवली असेल, जमादाराला बोलावलं असेल, जमादार म्हणाला असेल, होय हुजूर, मी नऊच लिहिला होता. आळीत शिपाई उतरत असतील. माळ्यावरचा तो आजारी पोरगा जिन्यावरून कसा उतरेल.

हेडकारकून चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली, टेबलाच्या कडेचा एक कागद बोटानं ढकलला. “हा तुमचा. परत.”

कागदाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईत दोन ओळी होत्या. वटहुकुमाखालील जाहीरनाम्याबाबत अर्ज घेता येत नाही. परत.

“आत गेला नाही?”

“आत कसा जाईल? विषयाच्या ओळीत वटहुकूम शब्द दिसला की आम्ही पुढे वाचतच नाही. तसा हुकूम आहे.” त्यानं आवाज खाली आणला. “ठाकूरदेसाई, तुमच्या भल्याचं सांगतो. जाहीरनामा निघाला म्हणजे तेच खरं. कशाला त्यात पडता?”

“म्हणजे कोणीच वाचला नाही?”

“कोणी नाही.”

गोविंदराव हसले. हसू आतून उसळून आलं, थांबवता येईना, आणि ते समोरच्या बाकावर बसले. कोणी वाचलं नाही. कोणी ऐकलं नाही. देवाची कृपा. हे शब्द मनात उमटले आणि उमटल्यावर त्यांना दिसले, आणि हसणं जागच्या जागी थिजलं. काल दुपारी ज्या भिंतीवर आपलं डोकं आपटलं, तिच्याच सावलीत आपण आत्ता बसलो आहोत, आणि बरं वाटतंय. ज्यांचं काही ऐकलं जाणार नाही अशी माणसं हळूहळू अशीच होत जात असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. ऐकलं जाऊ नये म्हणून नवस करणारी. हेडकारकून विचारत होता, पाणी आणवू का. ते नको म्हणाले. बाहेर येऊन कचेरीच्या मागे त्यांनी तो अर्ज फाडला, इतका बारीक की एकही आकडा अखंड राहू नये, आणि तुकडे मुठीत धरूनच ते पुन्हा खाडीकडे उतरले.

भाट्याला पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. गुणवंती चटया गुंडाळत होती. त्यांना लांबून बघून ती हातातलं टाकून उभी राहिली आणि ते जवळ येईपर्यंत हलली नाही.

“परत केला,” ते म्हणाले. “वाचलाच नाही कोणी.”

तिनं डोळे मिटले. ओठ काहीतरी पुटपुटले. मग ती पुन्हा चटईकडे वळली, तिचा कडेचा भाग झटकला, आणि झटकताना तिचे हात मध्येच थांबले. “म्हंजे माजा घर गेलाच,” ती म्हणाली.

गोविंदराव वाळूत बसले. धोतर ओलं झालं, होऊ दिलं. समोर समुद्रात दोन होड्या शिडं उतरवत होत्या. गोविंदरावांच्या मनात आलं, काल ती कोर्टाच्या फरशीवर उभी होती, खांद्यावर पदर घट्ट ओढून, सकाळी अंघोळ करून आलेली, भाषण पाठ केलेली असणार, आणि ते कोणाच्याही कानावर न पडता तिच्या पोटातच राहिलं. तेवीस वर्षांत हजारो माणसांचं बोलणं त्यांनी दुसऱ्याच्या कानाला पोचवलं होतं. स्वतःसाठी असं एकाचंही ऐकलं नव्हतं.

“गुणवंतीबाई,” ते म्हणाले, “काल कोर्टानं ऐकलं असतं, तर काय सांगितलं असतंत?”

“आता काय त्याचा?”

“मला सांगा.”

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. थट्टा नाही ना, हे बघितलं. मग तिनं हात लुगड्याला पुसले, सरळ उभी राहिली, आणि इतक्या मोकळ्या किनाऱ्यावर जितक्या हळू बोलावं त्याहून हळू बोलायला लागली.

“नाव गुणवंती शिवा पावसकर. घर तीन खणांचा. पुढल्या खणात जाळी, मधल्यात मी निजते, मागल्यात चूल. माळा हाय, पण माळ्यावर माणूस उभा ऱ्हात नाय, तिथं शिवाची वल्ही ठेवलेली. शिपाई आले त्या दिवशी मी सकाळी घर सारवलेला. जमीन वली होती. मी बोललंय, दादानू, जरा थांबा, सुकू दे. नाय थांबले. तिन्ही खणांत फिरले. काय गावला नाय. सुकट बांधायची रद्दी उचललानी आणि मना बाहेर काढून दार लावलानी.” ती थांबली. घसा साफ केला. “त्यांच्या बुटांचे ठसे वल्या जमनीत रुतलेले मी बघितलेत. चुलीपरेंत. आता ते सुकले असतील. माज्या घरात आता तेच ऱ्हातायत, दोन महिने. मी दार उघडून पयला ते पुसणार होतंय. त्याच्यासाठी घर मागत होतंय.”

गोविंदरावांची मूठ अजून मिटलेली होती. समोर न्यायाधीश नव्हता, वर कोणाला काही सांगायचं नव्हतं. आणि कोर्टात साक्षीदाराला शेवटी जे विचारतात ते त्यांनी विचारलं.

“आणखी काही सांगायचं आहे?”

“हाय,” गुणवंती म्हणाली, आणि त्यांच्यासमोर वाळूत बसली.